शिक्र्याचे पिल्लू

अबू धाबी

चि. सई हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

गच्चीत पडलेले शिक्र्याचे, म्हणजे त्या छोट्या शिकारी पक्ष्याचे, पिल्लू घरीच वाढवून बाबांसारखे हातावर बसवावे, ही तुझी इच्छा वाचून माझे मन भरून आले. तरीही ते ठेवून घेऊ नकोस. आजच १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे पक्षी पाळण्यास मनाई आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिले असते. माणसाने भरवलेले पिल्लू माणसालाच आपले समजू लागते, आणि मग रानात त्याचा निभाव लागत नाही.

तोवर त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेव. चोचीत पाणी ओतू नकोस, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पोळी तर नकोच. नुसते बिनहाडाचे मांसही दिवसेंदिवस दिले तर वाढत्या पिल्लाचे पाय वाकडे होतात.

येथे पाळलेल्या ससाण्यांची गोष्ट वेगळी आहे. बहुतेक पक्षी पाळीव जोड्यांपासून पैदास केलेले असतात आणि परदेशी नेताना त्यांना स्वतःचे पासपोर्ट लागतात. डोळे झाकणाऱ्या चामड्याच्या टोपीला येथे 'बुर्का' म्हणतात, म्हणजे आपला बुरखाच! रोज सकाळी पक्ष्याचे वजन होते, कारण वीस-तीस ग्रॅम जास्त भरले की भूक मंदावलेला पक्षी बोलावूनही परत येईलच असे नाही.

या पक्ष्यांच्या कामाला पंचवीस वर्षे झाली, पण माझे मन सर्वांत अधिक रमते ते तुटलेले पीस जोडण्यात. उन्हाळ्यात झडलेली पिसे आम्ही क्रमाने जपून ठेवतो. पंखातले एखादे मोठे पीस मोडले, की पक्ष्याला भूल देऊन त्याच जागेचे जुने पीस घ्यायचे, बांबूची तासलेली काडी दोन्ही पोकळ दांड्यांत बसवायची आणि सांधा चिकटवायचा. पीस किंचित जरी फिरले तरी उड्डाण बिघडते, म्हणून त्या वेळी मी श्वाससुद्धा जपून घेतो.

पिल्लाच्या वाढत्या पिसांवर आडवी फिकट रेघ दिसते का, ते लांबूनच पाहा. वाढीच्या दिवसांत उपासमार झाली की ती उमटते, आणि पुढे पीस नेमके तेथेच मोडते. दिसली तर वनविभागाच्या माणसांना अवश्य सांग, आणि मलाही कळव.

तुझा,
बाबा