दगड कुठला आणणार ते विचारा

मा. संपादक,
स.न.

इस्रोच्या चांद्रयान-४ बद्दल सगळीकडे एकच सूर ऐकू येतो, २१०४ कोटी घालून चंद्रावरची दगडमातीच आणायची ना, मग अमेरिकेच्या अपोलोवाल्यांनी ३८२ किलो आणलीय ती पुरत नाही का? प्रश्न रास्त आहे, पण वजनावर काही नसतं हो, दगड कुठल्या जागचा आहे त्यावर सगळं असतं.

चंद्रावरच्या जमिनीचं वय लांबून काढायचं तर उल्का आदळून पडलेले खड्डे मोजतात, जास्त खड्डे म्हणजे जमीन जास्त जुनी. पण जुनी म्हणजे किती? त्यासाठी तिथलाच दगड लॅबमध्ये आणून त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालंय ते बघावं लागतं. आता गोची अशी की अपोलो आणि रशियाच्या लूनाने आणलेले लाव्हाचे दगड बहुतेक ३०० कोटी वर्षांच्या पलीकडचे, त्यामुळे त्याहून नव्या जमिनीचा हिशोब बराचसा अंदाजपंचे चालला होता. मग डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग ई-५ ने फक्त १७३१ ग्रॅम आणले, पण मुद्दाम कमी खड्ड्यांच्या जागेवरून, आणि त्यातला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, निघाला २०० कोटी वर्षांचा! दोन किलोसुद्धा नाही, पण मधल्या काळाची एक पक्की तारीख मिळाली.

मंगळाच्या जमिनीची वयंही चंद्राच्याच या हिशोबात फेरफार करून काढतात, कारण तिथून यानाने अजून एक खडाही आणलेला नाही. मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी गाडीने २०१३ मध्ये तिथल्या तिथे एका दगडाचं वय काढलं, ४२१ कोटी वर्षं, पण ३५ कोटी इकडे किंवा तिकडे!

आणि आमच्या लोणारचं बघा, दगड पायाखाली असून आधी विवराचं वय ५० हजार वर्षांच्या आसपास सांगायचे, २०११ मध्ये दगडात साठलेला आर्गॉन वायू मोजून ते आलं ५ लाख ७० हजार. असा घोळ निस्तरायचा तर तोच दगड दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या पद्धतीने परत तपासता आला पाहिजे, यानातल्या एका यंत्राला ते कसं जमणार.

तेव्हा तुमच्या वार्ताहरांनी इस्रोला एवढं विचारावं, की उतरायला सपाट जागा बघाल ते ठीकच, पण तिथल्या दगडातून कुठली तारीख मिळणार आहे? रॉकेटचे फोटो काय, ते तर येतातच.

– एक वाचक, मेहकर