रिसीव्हर दिसेल असा ठेवा

महोदय,

व्याख्यान रंगात येतं आणि नेमका तेव्हाच कॉर्डलेस माइकचा आवाज तुटू लागतो. दोष माइकला दिला जातो. बहुतेकदा चूक असते रिसीव्हरच्या, म्हणजे माइकचा सिग्नल पकडणाऱ्या डब्याच्या, जागेची. माणसाच्या शरीरातलं पाणी माइकच्या यूएचएफ रेडिओ लहरी शोषतं, म्हणून रिकाम्या हॉलमधली चाचणी गर्दीत फसते. आपल्या कोल्हापुरातलं शाहू स्मारक सभागृह असो वा दसरा चौकातलं मैदान, रिसीव्हर स्टेजच्या कडेला, डोक्यांच्या वर, वक्ता थेट दिसेल असा ठेवावा. दोन्ही अँटेना इंग्रजी व्हीसारख्या फाकवाव्यात.

मोकळी फ्रिक्वेन्सी शोधायला स्कॅन करताना आपले माइक बंद, पण एलईडी स्क्रीन चालू हवी. तिचाही उपद्रव असतो. दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर कधीच नकोत. सेल दर कार्यक्रमाला नवे.

स्पीकरमधून येणाऱ्या शिट्टीचं कारण वेगळं. माइकच्या तोंडाची जाळी मुठीत धरली की माइक चारी बाजूंचा, स्पीकरचाही, आवाज घेतो. अगदी तळाशी धरला तर अँटेना झाकली जाते. मधोमध धरावा.

कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावावा, तोही सत्कार उरकल्यावर. हार आणि शालीखाली दबलेल्या माइकमधून शब्दांआधी कापडाची खसखस पोहोचते. आयोजकांनो, एवढं कराच.

– ध्वनिक्षेपण व्यवसायातील एक वाचक, कोल्हापूर