परत फिरायला शिकवलंत, त्याबद्दल

काका,

समोर कुणी आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि विषय बदलता. नाहीतर लगेच माझ्या गाठीत खोट काढता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही, आणि फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळाला कृत्रिम माशी बांधून मासे धरायच्या, नादाला नव्याने लागलेल्या कुणाच्या वाचनात आलं तर त्यालाही चार गोष्टी कामाच्या सापडतील.

तुम्ही मला मासे धरायला शिकवलंत असं सगळे म्हणतात. शिकवलंत, पण आभार त्याचे नाहीत. मासे धरायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. "आज गळ टाकायचा नाही" असं सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात.

नदीवर पोचलं की बाकीचे रॉड जोडायला घेतात, तुम्ही आधी पाण्यात थर्मामीटर सोडून उभे. तोही काठाच्या उथळ पाण्यात नाही, सावलीत आणि वाहत्या ओघात. पारा वीसच्या वर गेला की एक शब्द न बोलता सामान परत गाडीत. सुरुवातीला याचा मला भयंकर राग यायचा. एवढ्या पहाटे उठून, एवढं अंतर कापून यायचं आणि डोहात वर येणारे मासे नुसते बघून परत जायचं! मग एकदा तुम्ही हिशोब सांगितलात. १० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे साधारण ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना तो ९.१ वर येतो. आपला ट्राउट मासा थंड रक्ताचा, म्हणजे पाणी तापलं की त्याच्या शरीराचा वेग वाढतो आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. अशा पाण्यात त्याला गळाला लावून दमवलं तर सोडल्यावर तो पोहत जातो, आपण खूश होतो, आणि तो पुढच्या वळणावर मरू शकतो. तो मेलेला आपल्याला दिसत नाही, एवढंच. हे कळल्यावर राग गेला. हळहळ अजून जात नाही, हे खरं.

दोरी फेकायलाही तुम्ही पाण्यापासून लांब, गवतावरच शिकवलंत. गळाच्या जागी लोकरीचा तुकडा. साध्या गळाच्या मासेमारीत वजन पुढे जातं आणि दोरीला ओढत नेतं. इथे माशीला वजनच नसतं, दोरीच वजन असते. पाच नंबरच्या लाईनचे, म्हणजे या दोरीचे, पहिले ३० फूट जेमतेम ९ ग्रॅम भरतात, आणि तेवढ्या भारावर रॉड वाकतो. "मागे दोरी सरळ होईपर्यंत थांब" हे वाक्य तुमच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आता हात आपोआप थांबतो. याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण माझी फेक अजून तुम्हाला पसंत नाही.

सामानाचं मात्र लिहायलाच हवं. मी तुमच्याकडे आले ती कुठला रॉड घ्यावा हे विचारायला. भली मोठी यादी करून आणली होती. तुम्ही ती घडी करून खिशात घातलीत आणि तुमचा जुना पाच नंबरचा रॉड हातात दिलात, "वर्षभर हा वापर, मग बघू" म्हणून. माझे वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायची ती जलरोधक विजार, गळायला लागले तेव्हा मी नवे घ्यायला निघाले होते. तुम्ही ते उलटे केलेत, आतल्या बाजूने आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारलंत, आणि डोळ्यांना दिसत नव्हती ती टाचणीएवढी भोकं काळसर ठिपके होऊन उमटली. ठिपक्यांभोवती पेनने गोल, त्यावर युरेथेन गोंदाचा थेंब, रात्रभर वाळवण. तेच वेडर्स मी आजही घालते. श्वास घेणाऱ्या कापडाला ही युक्ती चालते, निओप्रीनच्या जाड रबरी कापडाला चालत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. वेडर्सवर पट्टा आवळल्याशिवाय तुम्ही मला पाण्यात पाऊल टाकू दिलं नाहीत, कारण पाय घसरला तर पट्टाच पाणी झपकन आत भरू देत नाही. आणि सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेले हात लाईनला लावले की तुम्ही जो चेहरा करता, त्यानेच माझ्या लाईनचं वरचं आवरण इतकी वर्षं टिकलंय. नवीन सामान कधीच घेऊ नये असं तुमचं म्हणणं नाही. तुमचं रील माझ्या रीलपेक्षा कितीतरी भारी आहे, हे मी बघितलंय!

मासा हातात कसा घ्यायचा, यावरून आपलं बरंच वाजलंय. मला फोटो हवा असायचा. तुम्ही म्हणायचात, जाळ्यात, पाण्यातच काढ. पहिला मासा सोडताना तुम्ही माझा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवायला लावलात, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर त्याचं संरक्षण आहे. गळाचा उलटा काटा तुम्ही आधीच पकडीने दाबून सपाट केला होता, त्यामुळे गळ एका झटक्यात सुटला. मग एक हात शेपटीच्या बुंध्याशी, दुसरा पोटाखाली, तोंड ओघाच्या समोर, वरच्या अंगाला. कल्ल्यांची उघडझाप आधी घाईची, मग संथ. तो स्वतःहून माझ्या बोटांतून सुटेपर्यंत तुम्ही मला हलू दिलं नाहीत.

पुढे तुम्ही १९९२ सालचा फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांचा प्रयोग सांगितलात. दमेपर्यंत पळवलेले रेनबो ट्राउट. ज्यांना हवेत काढलंच नाही त्यांतले ८८ टक्के बारा तासांनी जिवंत होते. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांतले ६२ टक्के. एक मिनिट धरलेल्यांतले फक्त २८. ते प्रयोगशाळेतले मासे होते, त्यामुळे नदीवर आकडे तस्सेच लागतील असं नाही, हेही तुम्ही लगेच जोडलंत. तुमचं हेच आवडतं. आकडा मिळाला म्हणून तुम्ही तो काठीसारखा वापरत नाही. तरी तेव्हापासून मासा पाण्याबाहेर आला की मी श्वास रोखते. मला श्वास घ्यावासा वाटला म्हणजे त्याचीही वेळ झाली.

बुटांवरून तुमच्याशी माझं अजूनही पटत नाही. फेल्टचे, म्हणजे नमद्याचे, तळवे शेवाळलेल्या गोट्यांवर जसे धरतात तसे रबराचे धरत नाहीत, खिळे मारले तरी. पण डिडिमो नावाच्या शेवाळाची गोष्ट ऐकल्यावर मी फेल्ट सोडले. न्यूझीलंडमध्ये हे शेवाळ २००४ साली दक्षिण बेटावर सापडलं आणि एका नदीतून दुसरीत पसरत गेलं. ते पसरायला ओलसर फेल्टमध्ये अडकलेली एक पेशीही पुरते. २००८ साली तिथे फेल्टच्या तळव्यांवर बंदीच आली. म्हणून नदी बदलताना बूट घासणं, साबणाच्या पाण्यात बुडवणं, कडकडीत वाळवणं. तुमच्या गाडीत मागे तो ब्रश आणि बादली कायम असते आणि त्यावर सगळे हसतात. हसू देत.

तळाच्या खड्यांमध्ये आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा पट्टा म्हणजे मादीने शेपटीने खणून अंडी पुरलेली जागा. त्यावर पाय द्यायचा नाही, लांबून वळसा घालायचा. हे सांगितलंत तेव्हापासून पाण्यात उतरण्याआधी मी तळ बघते.

आणि तळ बघायला लागले ती खरी तुमच्या जाळ्यामुळे. मासेमारीच्या नाही, त्या दुसऱ्या, बारीक छिद्रांच्या. ब्रिटनमधल्या गळवाल्यांनी २००७ पासून नदीतले किडे मोजायची एक पद्धत चालवली आहे, तीच तुम्ही आपल्याकडे आणलीत. तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, सुटलेलं सगळं ओघाच्या खालच्या अंगाला धरलेल्या जाळ्यात घ्यायचं, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतायचं आणि मोजत बसायचं. पहिल्यांदा मला त्या ट्रेमध्ये नुसता कचरा दिसला. तुम्ही म्हणालात, जरा थांब. मग कचऱ्यातली एक काडी चालायला लागली. कॅडिस नावाच्या किड्याची अळी! स्वतःच्या रेशमाने वाळूचे कण आणि काड्या चिकटवून तिने अंगाभोवती नळी केली होती, आणि पुढून सहा पाय तेवढे बाहेर. दगडाला चपटून बसणारी, तीन शेपट्यांची ती बहुधा मेफ्लायची. दोन शेपट्या आणि पायाला दोन नख्या असतील तर स्टोनफ्लाय, जिला थंड आणि भरपूर प्राणवायूचं पाणी लागतं. कितीतरी मेफ्लाय वर्षभर पाण्याखाली काढतात आणि पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगतात. तेव्हा त्यांना खायला धड तोंडही नसतं. माझ्या डबीतल्या माशा कशाची नक्कल करतात ते त्या ट्रेमध्ये कळलं. कुठली कधी बांधायची हा प्रश्नही बराचसा तिथेच सुटला.

पण ते जाळं मासे मिळावेत म्हणून नव्हतं, हे कळायला वेळ लागला. पुलाच्या खालच्या बाजूला मेफ्लाय एकदम घटल्या, वरच्या बाजूला होत्या तशाच, तेव्हा लक्षात आलं. कुणीतरी रात्री काहीतरी सोडत होतं. सकाळी घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ निघायचा, कारण घाण तोवर वाहून गेलेली असायची. किडे मात्र वाहून गेलेले पाणी विसरत नाहीत. ते तिथेच राहतात, किंवा राहत नाहीत. तुम्ही वही घेऊन संबंधित कार्यालयात गेलात. परत पाठवलं. पुन्हा गेलात. तिथल्या साहेबांनी "हौशी लोकांची आकडेमोड" म्हणून वही बाजूला सारली, तेव्हा मी तुमच्याबरोबर होते. मी बाहेर येऊन तणतणत होते आणि तुम्ही पुढच्या मोजणीची तारीख ठरवत होतात. शेवटी वहीत तारखा इतक्या झाल्या की कुणाला तरी येऊन बघणं भाग पडलं, आणि पुलाखालचा तो पाइप सापडला. पेपरात बातमी आली त्यात तुमचं नाव नव्हतं. तुम्हाला ते चाललं. मला नाही चाललं, आणि हे पत्र उघड लिहिण्याचं ते एक कारण आहे.

तुम्ही अधूनमधून १९५९ ची ती मिशिगनची हकिकत सांगता. ऑ सेबल नदीकाठी काही गळवाले जमले आणि त्यांनी ट्राउट अनलिमिटेड सुरू केली. तळ्यात वाढवलेले मासे आणून सोडत बसण्यापेक्षा मासा मुळात जगेल अशी नदी राखा, हा त्यांचा आग्रह. त्यांची संस्था पुढे केवढी झाली. आपण वहीभर माणसंही नाही. पण पाइप बंद आहे.

आता कामाचं. गेल्या महिन्यात एक मुलगा माझ्याकडे आला, हातात यादी, रॉड कुठला घेऊ विचारत. तुमचा पाच नंबरचा रॉड मी त्याला वर्षभरासाठी दिलाय. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही हो म्हणाला असतात. येत्या रविवारी मोजणीला तोही येतोय. तुमच्या गुडघ्यांचं मला माहीत आहे, तेव्हा पाण्यात आम्ही उतरतो, तुम्ही काठावर बसून वही धरा. ब्रश आणि बादली आणा. जाळंही तुमचंच आणा, माझ्याकडच्याला कोपऱ्यात भोक पडलंय आणि ते अजून शिवून झालेलं नाही.

तुमची,
अजूनही मागे न थांबणारी विद्यार्थिनी