घराच्या रंगात काय घातले आहे, ते डब्यावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते आणि त्याच सुमारास नैसर्गिक, विषमुक्त, गंधरहित अशा रंगांच्या जाहिराती जिकडेतिकडे दिसू लागतात. आपल्या घराच्या भिंतींना आरोग्याला न बाधणारा रंग असावा, ही लोकांची इच्छा रास्त आहे. परंतु केवळ जाहिरातीतील विशेषणांवर विसंबून ग्राहकाला निवड करावी लागणे, ही परिस्थिती बदलली पाहिजे. रंगातील घटक डब्यावर छापणे उत्पादकांना बंधनकारक व्हावे आणि ज्याच्या घटकांविषयी कोणाला शंका नाही, त्या चुन्याला निदान सार्वजनिक इमारतींनी पुन्हा जागा द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रंगातील सर्वांत घातक घटक म्हणजे शिसे. रंग भडक व टिकाऊ व्हावा आणि लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगे त्यात घातली जात. पिवळ्या, नारिंगी आणि लाल ऑइलपेंटमध्ये त्यांचे प्रमाण विशेष असे. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम भरून येत नाही. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग, म्हणजे ९० पीपीएम, ठरवणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. हे पाऊल महत्त्वाचे होते, याबद्दल दुमत नाही. तथापि त्यापूर्वी रंगवलेली दारे, खिडक्या, गज आणि पाळणे आजही घराघरांत आहेत. नवा हात देण्यापूर्वी रंगारी जुना ऑइलपेंट पॉलिशपेपरने कोरडाच घासतो, ती धूळ जमिनीवर बसते आणि रांगणारे मूल त्याच जमिनीवर हात टेकून तेच हात तोंडात घालते. नवा रंग कितीही शुद्ध आणला, तरी हा धोका तसाच राहतो. जुना रंग पाण्याने ओला करून घासावा, खाली प्लास्टिक अंथरावे, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि काम चालू असताना मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, या साध्या गोष्टी रंगाच्या प्रत्येक दुकानात पाटीवर लिहून लावता येतील.

दुसरा प्रश्न रंग वाळताना हवेत मिसळणाऱ्या द्रव्यांचा. ऑइलपेंट पातळ करण्यासाठी वापरले जाणारे टर्पेंटाइन आणि थिनर यांच्या वाफेने डोके दुखते, डोळे चुरचुरतात आणि दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. घरातल्यांना हा त्रास काही दिवस होतो, रंगाऱ्याला मात्र तो आयुष्यभर होतो. रंगारीकाम हा व्यवसायच माणसात कर्करोग निर्माण करतात असे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या, म्हणजे पहिल्या गटात मोडतो, असे कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९८९ मध्येच जाहीर केले होते. नैसर्गिक रंगांची चर्चा आपल्याकडे घरमालकाच्या आरोग्यापुरतीच होते आणि जो माणूस दिवसभर त्या खोलीत उभा असतो त्याचा विचार कोणी करत नाही, याचे मला फार वाईट वाटते. युरोपीय संघात खोलीच्या भिंतींसाठी असलेल्या मॅट रंगात अशी उडून जाणारी द्रव्ये लिटरमागे ३० ग्रॅमपेक्षा अधिक असू नयेत, असा नियम २०१० पासून आहे आणि तो आकडा डब्यावर छापावाच लागतो. आपल्याकडच्या डब्यावर तो सहसा सापडत नाही.

एखादे द्रव्य वनस्पतीपासून किंवा मातीतून मिळाले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अस्सल टर्पेंटाइन चीडाच्या झाडापासूनच निघते, तरीही त्याची वाफ श्वासमार्गाला बाधते. उलट एखाद्या कारखान्यात तयार झालेला, पाण्यात मिसळणारा, कमी वाफेचा रंग घरासाठी अधिक चांगला असू शकतो. खादी व ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये शेणापासून केलेला प्राकृतिक पेंट बाजारात आणला. जयपूरच्या कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेत तो विकसित झाला आणि सुरुवातीला डिस्टेंपर १२० रुपये लिटर व इमल्शन २२५ रुपये लिटर असा त्याचा दर होता. शेतकऱ्याला शेणाचे पैसे मिळावेत, हा त्यामागचा हेतू मला मोलाचा वाटतो. तो रंग शिसे, पारा, आर्सेनिक यांपासून मुक्त असल्याचे आयोग सांगतो. माझी अपेक्षा एवढीच आहे की, शेणाबरोबर त्यात आणखी काय आणि किती आहे, हेही ग्राहकाला डब्यावर वाचता यावे. ही अपेक्षा लहान-मोठ्या सर्वच उत्पादकांकडून आहे.

आता चुन्याविषयी. आमच्या कोकणात जांभ्याची घरे आहेत आणि चार महिने पाऊस आहे. जांभा पाणी धरतो, ती ओल भिंतीतून बाहेर पडायला वाट हवी असते. अशा भिंतीवर प्लास्टिक इमल्शन, म्हणजे वाळल्यावर भिंतीवर पापुद्रा धरणारा रंग, चढवले की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात, पोपडे सुटतात आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. त्या बुरशीचा श्वसनाला होणारा त्रास रंगाच्या वासापेक्षा कमी नाही. चुना भिंतीची ओल कोंडत नाही. चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून काही आठवडे तशीच पाण्याखाली ठेवली, गाळून पातळ केली आणि आधी पाणी मारलेल्या भिंतीवर तिचे तीन-चार पातळ हात दिले, की तो चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी जगत नाही. पावसाळा सरल्यावर दरवर्षी घराला सफेदी करण्याच्या पद्धतीमागे सणाइतकेच हेही कारण होते, असे मी मानतो.

त्यात रंग हवा असेल तर गेरू, काव, पिवडी अशा मातीच्या रंगांनी तो मिळतो, कारण हे रंग चुन्यात टिकतात. कोकण-गोव्यातील जुन्या मंदिरांच्या भिंतींवर पांढरा चुना आणि तांबडी काव यांतून साकारलेली कावी कला अजून पाहता येते. हळदीसारखे वनस्पतिजन्य रंग मात्र चुन्यात घालू नयेत. हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग होतो, हे कुंकू करणाऱ्यांना ठाऊकच आहे, आणि तो लालही उन्हात उडून जातो. हौसेने प्रयोग करणाऱ्यांची यात निराशा होते आणि दोष विनाकारण चुन्याला लागतो.

चुन्याच्या मर्यादाही आहेत. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंगावर तो धरत नाही, तिथे आधी भिंत खरवडून मूळ गिलाव्यापर्यंत जावे लागते. डिंक किंवा खळ न घातल्यास तो हाताला व कपड्यांना लागतो. चुनकळी विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडा डोळ्यात गेल्यास इजा गंभीर होते, म्हणून हातमोजे व चष्मा हवाच. शिवाय चुना स्वस्त असला तरी तीन-चार हातांची मजुरी स्वस्त नाही, आणि हे काम नीट जाणणारे रंगारी आता फार थोडे उरले आहेत.

म्हणूनच शासनाला आणि जिल्हा परिषदांना विनंती आहे की, अंगणवाड्या, प्राथमिक शाळा आणि आरोग्य केंद्रे यांच्या जुन्या, ओल धरणाऱ्या भिंतींसाठी रंगकामाच्या निविदेत चुन्याचा समावेश करावा. दारे-खिडक्यांना पाण्यात मिसळणारा, ९० पीपीएमच्या मर्यादेतला इनॅमल वापरावा आणि ही कामे उन्हाळ्याच्या सुटीतच उरकावीत, म्हणजे शाळा भरेपर्यंत खोल्यांना पुरेशी हवा लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पेंटरच्या अभ्यासक्रमात चुन्याच्या कामाचे प्रात्यक्षिक घालावे. लहान उत्पादकांच्या सुट्या विकल्या जाणाऱ्या भडक रंगांचे नमुने दरवर्षी दिवाळीपूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून घेऊन त्यांतील शिसे तपासावे आणि निष्कर्ष आपल्यासारख्या दैनिकांतून उत्पादनाच्या नावानिशी प्रसिद्ध करावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी