पुनर्विकासात खिडकीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर या भागांत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका सध्या जोरात आहेत. कारपेट एरिया किती वाढणार, भाडे किती मिळणार, कॉर्पस फंडाचे काय, यांवर सभासद हिरिरीने भांडतात. पण झोपायच्या खोलीची खिडकी नेमकी कशावर उघडणार, हे विचारताना मी अजून कोणाला ऐकलेले नाही. डक्टची, म्हणजे हवा-उजेडासाठी इमारतीत सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेची, मापे नियमात बसली की तो विषय मिटतो.

हा प्रश्न हौसेचा नव्हे, प्रकृतीचा आहे. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, उरलेल्यांना विटांची भिंत. वय, लिंग वगैरे पाहून त्यांच्या जोड्या लावल्या होत्या. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि परिचारिकांच्या नोंदींत त्यांच्याविषयी 'रडवेले', 'सारखा धीर द्यावा लागतो' असे शेरे कमी आढळले. मी स्वतः परिचारिका होते. वॉर्डात खिडकीजवळची खाट रिकामी झाली की तिच्यासाठी लागणारी चढाओढ आम्हाला नवी नव्हती; त्यामागे काही शास्त्र असेल, असे मात्र तेव्हा वाटले नव्हते.

उजेडाचेही तसेच. दृष्टिपटलात पाहण्याच्या कामाखेरीज दिवस-रात्रीची खबर थेट मेंदूतील घड्याळाला देणाऱ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. घरातील ट्यूबलाइटचा उजेड जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) भरतो. ढगाळ दुपारीही उघड्यावर तो काही हजारांत असतो. दिवसभर घरातच असणाऱ्या ज्येष्ठांची खोली डक्टकडे तोंड करून असेल, तर दुपारी डुलक्या आणि रात्री टक्क जागे, या तक्रारीवर गोळी देण्याआधी खोली पाहायला हवी.

अर्थात ४६ रुग्णांवरून बांधकामाचे नियम लिहिता येत नाहीत आणि मेंदूला हितकर घर अशा अर्थाने माहितीपत्रकात 'न्यूरो' हा शब्द छापून चौरस फुटाचा दर वाढवणारेही उद्या निघतील. जुन्या वाड्यांचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. चौकात ऊन असे, पण माजघरात भरदिवसा दिवा लागे.

माझे म्हणणे एवढेच, की विकसकाकडून निविदा मागवतानाच सोसायटीने काही गोष्टी लेखी मागाव्यात. प्रत्येक सदनिकेतील पलंगावरून खिडकीबाहेर काय दिसेल आणि समोरची भिंत किती अंतरावर असेल, हे नकाशावर दाखवावे. डिसेंबरमध्ये खालच्या मजल्यांवर ऊन किती वेळ येईल, तेही नमूद करावे. संगणकावर आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाला हे काम अवघड नाही. मुलांची अभ्यासाची खोली रहदारीच्या बाजूला नको, हेही त्यातच यावे; न्यूयॉर्कमध्ये रेल्वेमार्गालगतच्या वर्गांतील मुले वाचनात मागे पडत असल्याचे १९७५ मध्येच दिसून आले होते, आणि आवाज कमी केल्यावर तो फरक उरला नाही. महापालिकेने मंजुरीच्या अर्जासोबत असा तक्ता सक्तीचा केला, तर पार्किंगवरून भांडणारे सभासद निदान एकदा तो उघडून पाहतील.

— एक निवृत्त परिचारिका, कोथरूड, पुणे