‘इंज्युरी होत्या’ एवढ्यावर भागत नाही, कार्ल्टनच्या कॅप्टनने पूर्ण बोलावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर मेलबर्नचं नाव येतं ते बॉक्सिंग डे टेस्टला, नाहीतर जानेवारीत टेनिस असतं तेव्हा. पण ज्या एमसीजीवरचं क्रिकेट बघायला आपण पहाटे उठतो त्याच ग्राउंडवर मार्च ते सप्टेंबर फूटी चालते, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, आणि या शहराचा खरा जीव त्यात आहे. इथे नवीन माणूस नोकरीला लागला की त्याला पहिल्याच आठवड्यात विचारतात, तुझी टीम कुठली? माझी टीम कार्ल्टन. 2025 चा सीझन संपला तरी मला त्याचा त्रास होतोय आणि त्याबद्दलच लिहितेय, कारण आपले कितीतरी मराठी वाचक आता या शहरात राहतात, त्यांची मुलं ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फूटीला जातात, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लंबगोल मैदान, एका बाजूला 18 खेळाडू, मधल्या दोन खांबांतून किक गेली तर 6 पॉइंट, बाजूच्या खांबातून गेली तर 1. लीगमध्ये 18 टीम, प्रत्येकीच्या 23 मॅच, आणि 2025 पर्यंत पहिल्या आठ टीम फायनल्सला, म्हणजे विजेतेपदाच्या फेऱ्यांना.

कार्ल्टन 2025 मध्ये अकरावी आली. 9 जिंकल्या, 14 हरल्या. जो क्लब 2023 ला प्रिलिमिनरी फायनलपर्यंत, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये गेला होता, 2024 ला आठवा का होईना पण फायनल्समध्ये होता, त्याने यंदा पहिल्या चारही मॅच हरल्या आणि पाचव्या मॅचला पहिला विजय मिळवला. सीझनभर आणि सीझन संपल्यावरही प्रत्येक क्लबचे सीनियर प्लेयर रेडिओवर, टीव्हीवर येऊन काय चुकलं ते सांगतात, ही इथली पद्धत आहे आणि मला ती फार आवडते, कारण कार्ल्टनचेच लाखाच्या आसपास मेंबर पदरचे पैसे भरून वर्षभर टीमच्या मागे उभे असतात, त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे. पण ते उत्तर बहुतेक वेळा इंज्युरीपासून सुरू होतं आणि कनेक्शन नव्हतं, सातत्य नव्हतं, आम्ही शिकू, इथे येऊन संपतं. माझी तक्रार याच्याशी आहे.

इंज्युरी होत्या, नाही कोण म्हणतं. जॅगा स्मिथ, 2024 च्या ड्राफ्टमधली (क्लब आळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो) तिसऱ्या नंबरची निवड, अख्खा क्लब त्या पोराकडे डोळे लावून बसला होता आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. निक न्यूमनचा गुडघा गेला, तोही वर्षभर बाहेर. हॅरी मॅकाय मानसिक आरोग्यासाठी सुरुवातीला काही काळ टीमपासून लांब राहिला, ते त्याने योग्यच केलं आणि ते कोणी कारणांच्या यादीत टाकूच नये असं मला मनापासून वाटतं.

पण आता पहिली मॅच बघा. समोर रिचमंड. ही तीच टीम जी 2024 ला फक्त 2 मॅच जिंकून तळाला होती, अर्धी टीम नवीन पोरांची. कार्ल्टन त्या मॅचमध्ये 41 पॉइंटने पुढे होती, म्हणजे जवळजवळ सात गोल, आणि तरी 13 पॉइंटने हरली. स्मिथ नव्हता, न्यूमन नव्हता, बरोबर, पण 41 ची आघाडी घेतली तेव्हाही ते नव्हतेच ना? ज्या प्लेयरनी आघाडी घेतली त्यांनीच ती घालवली. मग त्या दिवशीच्या हरण्याचं कारण हॉस्पिटलमध्ये नाही, मैदानावरच शोधायला पाहिजे. आणि असं एकदाच झालं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं, मॅचच्या दुसऱ्या हाफमध्ये ढेपाळणं हे या टीमचं वर्षभराचं दुखणं होतं.

मला जे दिसतं ते सांगते. कॅप्टन पॅट्रिक क्रिप्स, दोन ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, 2022 आणि 2024, त्यातलं दुसरं तर 45 मतांचा रेकॉर्ड करून. मधल्या गर्दीतून बॉल काढण्यात याचा हात धरणारे कमीच. कार्ल्टनचा सगळा खेळच त्यावर उभा आहे, मधे भिडायचं, बॉल जिंकायचा आणि पुढे लांब उंच किक मारायची, तिथे चार्ली कर्नो नाहीतर मॅकाय उडी मारून पकडतील. हे सगळ्या लीगला पाठ झालं. समोरचे दोन-दोन तीन-तीन डिफेंडर तिथे आधीच थांबतात, बॉल मुठीने खाली पाडतात, खाली पडलेला बॉल अडवून धरायला आपले छोटे चपळ फॉरवर्ड नसतात आणि मग तोच बॉल धावत धावत आपल्याच गोलकडे येतो, मिडफिल्डवाल्यांना अख्खं मैदान उलटं पळावं लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरला पाय उरत नाहीत. मला वाटतं दुसऱ्या हाफचं कोडं इथे आहे, आणि क्रिप्स त्या मिडफिल्डचा म्होरक्या आहे म्हणून हे त्याच्याच तोंडून ऐकायचंय, कोच मायकल व्हॉसकडून नव्हे. व्हॉस मैदानात नसतो.

या लीगमध्ये पैशाचं कारण पुढे करता येत नाही हेही लक्षात घ्या. सॅलरी कॅप, म्हणजे प्लेयरच्या पगारावरच्या खर्चाची मर्यादा, सगळ्यांना लागू आहे आणि ड्राफ्टमध्ये तळाच्या टीमला पहिली निवड मिळते, त्यामुळे वाईट दिवस आले तरी वर यायची वाट उघडी असते. कार्ल्टनला हे सगळ्यात चांगलं माहीत पाहिजे. 2002 मध्ये सॅलरी कॅप मोडला म्हणून क्लबला 9 लाख 30 हजार डॉलरचा दंड झाला, ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी गेल्या आणि त्याच वर्षी क्लब इतिहासात पहिल्यांदा तळाला गेला. 16 प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं, जिंकलेला क्लब, शेवटची 1995 ची, तेव्हापासून तीस वर्षं वाट बघणं चालू आहे. इथे अशी माणसं आहेत ज्यांची मुलं मोठी होऊन नोकरीला लागली पण त्या मुलांनी कार्ल्टनला कप उचलताना बघितलेलं नाही.

आणि सीझननंतर जे झालं ते तर जास्त लागलं. कर्नो, ज्याने दोन वर्षं लागोपाठ लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल मारले, तो सिडनीला गेला. टॉम डी कोनिंग सेंट किल्डाला गेला. आणि जॅक सिल्वान्यी, ज्याचे आजोबा सर्जिओ आणि वडील स्टीफन दोघंही याच क्लबसाठी खेळले, तिघांनीही एक नंबरची जर्सी घातली, तो पण सेंट किल्डाला गेला. प्रत्येकाची आपापली कारणं असतील, करिअर छोटं असतं, मी कोणाला दोष देत नाही. पण तीन असे प्लेयर एकाच वर्षी जातात तेव्हा आत काय बिनसलं होतं हे विचारायचा हक्क सपोर्टरला आहे.

पूर्ण बोलता येतं, याच क्लबमध्ये त्याचं उदाहरण आहे. सॅम डॉकर्टी यंदा रिटायर झाला. त्याला दोनदा कॅन्सर झाला, त्याबद्दल तो लोकांशी मोकळेपणाने बोलत राहिला आणि 2022 ला परत मैदानात उतरला. तो काही सांगायचा तेव्हा लोक शांत बसून ऐकायचे, त्यात झाकपाक नसायची म्हणून.

आपल्या पेपरला विनंती एवढीच की मार्चपासून सोमवारच्या अंकात निदान एका कोपऱ्यात या लीगचा पॉइंट टेबल द्या, इथली मराठी घरं तो नक्की वाचतील. आणि क्रिप्सने नवीन सीझनच्या आधी एवढं सांगावं, कर्नो नसताना ती लांब किक आता कोणासाठी मारणार आहात, की ती मारायचीच सोडणार आहात, आणि सोडणार असाल तर यंदा ऑगस्टपर्यंत का मारत राहिलात?

आपली,
एक वाचक, मेलबर्न