उजेड कमी केल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात न देता चारचौघांत लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, तो टीव्ही जरा पलीकडे सरकवा" म्हणून विषयच संपवता. पैसे तर घेत नाहीच.

जुन्या नाशकातल्या तुमच्या त्या बोळातल्या दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो खोक्यात कागदाची टायटॅनिक घेऊन. खरं जहाज 269 मीटर लांब, माझं 1:400 मापाचं, म्हणजे 67 सेंटिमीटर. नाशिककराला समुद्र कुठला, आपली धाव गंगेपर्यंत, म्हणजे गोदावरीपर्यंत. म्हणून असेल कदाचित, पण मला बोटींचं वेड आहे. (घरी विघ्नहर्त्यासमोर बुडालेलं जहाज मांडायला सक्त मनाई आहे, त्यामुळे ती शोकेसमध्येच असते. घरच्यांची बाजूही बरोबरच आहे.) मागणी एकच होती: सगळ्या खिडक्या लखलखल्या पाहिजेत. सोबत गणपतीच्या आराशीतली लायटिंगची माळही आणली होती, हीच आत सोडा म्हणून.

तुम्ही बोट उचललीत, खिडकीतून आत डोकावलात आणि विचारलंत, "हिला परत बुडवायची की या वेळी जाळायची?"

मग माळेच्या प्लगचं प्लास्टिक उघडून दाखवलंत. आत ट्रान्सफॉर्मर नाही, नुसता कपॅसिटर आणि एक-दोन बारीकसारीक पार्ट. म्हणजे घरातली 230 व्होल्टची लाइन त्या केसाएवढ्या वायरीतून थेट फिरणार, आणि एखादं इन्सुलेशन सोललं की कागदाला, नाहीतर आपल्या बोटाला. 2018 मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून घरोघरी कागदाची आरास आली, पण तिच्यात माळा आपण जुन्याच सवयीनं खुपसतो. तुम्ही माळ खोक्याबाहेर काढून बाजूला ठेवलीत आणि मोबाइलचा 5 व्होल्टचा चार्जर पुढे केलात. मी म्हणालो, टायटॅनिकवरही या चार्जरसारखं डीसीच (एकाच दिशेनं वाहणारा करंट) होतं, 400 किलोवॉटचे चार जनरेटर, 100 व्होल्ट. त्यावर तुमचा चेहरा जो खुलला, तो तुमच्या दुकानात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "मग काय प्रश्न! आपण पाचवर चालवू."

पण खरे आभार त्याच्या पुढच्या गोष्टीचे. मला झगमगाट हवा होता. एका एलईडीला 100 ओहमचा रेझिस्टन्स, म्हणजे 5 व्होल्टवर पांढऱ्या एलईडीतून साधारण 20 मिलिअँपिअर, असा माझा हिशेब होता. तुम्ही म्हणालात, लावून बघू. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंत, आणि टायटॅनिकचा आकाशकंदील झाला. 200 जीएसएमचं जाड कार्डशीट आरपार उजळलं, जिथे जिथे फेव्हिकॉलचा जोड तिथे काळी रेघ, आणि खिडक्या कुठे आहेत तेच कळेना. काही न बोलता तुम्ही 100 काढून 1 के, म्हणजे हजार ओहमचा, लावलात. करंट एक दशांशावर आला, पण डोळ्यांना उजेड दसपट कमी वाटत नाही, हे तिथेच समोर दिसलं. "खिडकी दिसली पाहिजे, दिवा नाही," एवढंच म्हणालात. चोवीस एलईडींचा मिळून करंट अर्ध्या अँपिअरवरून 50 मिलिअँपिअरच्या आत आला, तो फायदा वेगळाच.

त्यानंतर आतून काळा रंग, त्यावर पांढरा. काळा उजेड बाहेर फुटू देत नाही, पांढरा तो आतल्या आत खेळवतो. खिडक्यांच्या मागे बटर पेपर. आणि एलईडी पिवळसर, कारण त्या काळी जहाजावर फिलामेंटचे बल्ब होते; निळसर पांढऱ्या उजेडात माझी टायटॅनिक एखाद्या मोबाइलच्या शोरूमसारखी दिसली असती.

बाजूचे दिवे लावताना तुम्ही एक गंमत केलीत. बोटीला डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, आणि मधे आडोसा असा असतो की प्रत्येक दिवा नाकासमोरून आपल्याच बाजूला 112.5 अंशांपर्यंत दिसावा. म्हणजे समोरून येणाऱ्याला रंगावरूनच बोटीचं तोंड कुठे आहे ते कळतं. तुम्ही लाल आणि हिरवा मुद्दाम एकाच रेझिस्टन्सवर जोडलेत आणि म्हणालात, आता लावा. लाल पेटला, हिरवा ढिम्म. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो, हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. दोघांना एकत्र बांधलं की लाल सगळा करंट गिळतो आणि व्होल्टेज वर चढूच देत नाही. "दोघांचा स्वयंपाक वेगळा ठेवायचा," म्हणालात. पुस्तकात वाचून मला हे कळलं नसतं असं नाही, पण इतकं लक्षात राहिलं नसतं.

सोल्डर मात्र तुम्ही एकदाही करून दिला नाहीत, त्याचा तेव्हा थोडा राग आला होता. सोल्डरिंगचं टोक तीनशे अंशांच्या वर तापतं, त्याच्यासमोर कागद काय टिकणार? म्हणून जोडाजोडी सगळी बाहेर, फरशीच्या तुकड्यावर, आणि तयार झालेली तार आत. वायर तरी कसली, सातपूरच्या वाइंडिंगवाल्याकडून आणलेली 38 गेजची तांब्याची तार, जाडी 0.15 मिलिमीटर. तिच्यावरचं एनॅमल सोल्डरच्या गरम थेंबात बुडवून जाळायचं, आणि पांढरा धूर थांबला की समजायचं तांबं उघडं झालं. डोलकाठीच्या आतून दोन तारा नेल्या तरी काठी जाड झाली नाही. एलईडी फेव्हिक्विकनं चिकटवू नका, त्याच्या वाफेनं खिडक्यांवर पांढुरका थर बसतो, हेही तुमचंच.

आणि ती गोल भोकं! जहाजाच्या अंगावरच्या गोल खिडक्यांच्या रांगेत एकेका भोकामागे एलईडी बसणं शक्यच नव्हतं. तुम्ही माळ्यावरून एक धुळकट शो-पीस काढलात, उजेड टोकापर्यंत नेणाऱ्या फायबरच्या फुलांचा, कुणीतरी दुरुस्तीला टाकून विसरलेला. त्याचे केस मूठभर कापलेत. मग देव्हाऱ्यातली अगरबत्ती घेतलीत आणि निखारा एका फायबरच्या टोकाजवळ धरलात, टेकवला नाही. टोक मऊ होऊन आपोआप वळलं आणि त्याला बारीक गोल बोंड आलं. भोकातून फायबर बाहेरून आत ओवला, तर बोंड भोकाच्या काठावर अडकून राहिलं, भिंगासारखा उजेडही पसरवू लागलं. दुसऱ्या टोकांची जुडी करून एकाच एलईडीसमोर बांधली. पूर्ण रांग एका दिव्यावर. माझ्या वीस-पंचवीस वर्षांच्या कात्री-गोंदात इतका आनंद क्वचित झालाय.

यंदा गणपतीला नारोशंकराचं मंदिर केलं. गोदाकाठचं 1747 चं देऊळ, दर्शनी भागावर वसईच्या विजयाची ती मोठी घंटा. कागदात शिखर उतरवताना कंबर मोडली. गाभाऱ्यासाठी तुम्ही सेलवरची पणती फोडायला सांगितलंत. तिच्या एलईडीतच लुकलुकणारी चिप असते, वेगळं सर्किट लागत नाही. तो एकच दिवा आत ठेवला, सभामंडपात काहीच नाही. आरतीला आलेली शेजारची मंडळी वाकून वाकून आत बघत होती. लखलखाट केला असता तर कुणी वाकलं नसतं. शेजारच्या पोरानं विचारलं, गोदेच्या पुराचं पाणी ज्याच्यावरून मोजतात तो दुतोंड्या मारुती का नाही केला? पाणी कुठवर आलं ते दाखवायला निळे दिवे लावता आले असते म्हणे. त्याला तुमच्याकडे पाठवतोय, सांभाळा.

आता पुढचं. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह करायला घेतलंय, 1867 मध्ये बांधलेलं. त्याचा दिवा क्षणभर पेटून बराच वेळ विझलेला राहावा असं हवंय. 555 या टायमर चिपनं होईल, पण नेहमीच्या जोडणीत आउटपुट चढलेला वेळ उतरलेल्या वेळापेक्षा जास्तच निघतो, म्हणजे माझ्या हव्या त्याच्या नेमकं उलट. म्हणून एलईडी आउटपुट आणि ग्राउंडमध्ये न लावता प्लस आणि आउटपुटमध्ये लावला, तर आउटपुट उतरल्यावर तो पेटेल, असं कागदावर काढलंय. रेझिस्टन्स अर्थातच मोठा ठेवलाय. शनिवारी संध्याकाळी आकृती घेऊन येतो. तुमच्या डब्यात दोन 555 असतील तर काढून ठेवा, आणि त्यांचे पैसे या वेळी घ्यावे लागतील.

आपला,
बोटवाला